कोथिंबिरीमागची डबी

तीर्थहळ्ळी,
वैशाखातला शनिवार, दुपार

तीर्थरूप कात्यायनी अक्कास,

धाकट्या सर्वमंगळेचा नमस्कार, आणि तोही लांबूनच, कारण हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू सोवळ्यात असशील आणि मी कागदावरूनही तुला विटाळवायची. तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल चोळतेस, की बाटली देवघरात ठेवून तिलाच फूल वाहतेस? भावजींचा खोकला, सुनेचं शिवणकाम, गच्चीतली मोगऱ्याची कुंडी, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे अनंतय्या ठीक आहेत. (नवऱ्याला मी नावाने हाक मारते हे तुला आमच्या लग्नापासून रुचलेलं नाही, पण निदान पत्रात तरी मला सुधारू नकोस.) माझं ठीक आहे की नाही हेच मला समजेनासं झालंय, म्हणून हा कागद. फोनच केला असता, पण तुझी सून तो स्पीकरवर लावून तुझ्या पुढ्यात ठेवते, आणि आज मला जे सांगायचंय ते तुझ्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी ऐकावं अशी माझी इच्छा नाही.

आता तू म्हणशील, सर्वमंगळे, तुला कधीपासून लाज वाटायला लागली? बरोबर आहे. या तालुक्यात असा एक महिला संघ नाही जिथे मी टेबलावर मूठ आपटून सांगितलेलं नाही, की बायांनो, शरीराला लपवायचं काय आहे, ज्याला नाव आहे त्याचं नाव घ्या. योनी हा शब्द मी ध्वनिक्षेपकावरून उच्चारला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या हातातला नारळ खाली पडला होता. (तो मी उचलून परत दिला आणि पुढचं वाक्य बोलले.) देशोदेशीच्या बायकांच्या चळवळींवरची पुस्तकं मी वाचली आहेत, समासात टिपा लिहिल्या आहेत, आणि तरीही गेल्या तीन महिन्यांत माझ्यावर जी वेळ आली तिच्याबद्दल त्यातल्या एकाही पुस्तकात अवाक्षर नाही.

सुरुवात वासापासून झाली. मासळीसारखा वास, अक्का. आपल्याकडे घरात मासळी येत नाही, तेव्हा मी आधी नदीला दोष दिला. तुंगेचं पाणी आटलंय, मासे मेले असतील. मग घरामागच्या गटाराला दोष दिला. नगर पंचायतीत जाऊन त्या गटारावर मी असं काही बोलले, की दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसं पाठवून गटार धुऊन काढलं, वर पांढरी पावडर टाकली आणि मला बोलावून दाखवलं. गटार चकचकीत झालं. वास होताच. सभेला गेले तर सभेत, बसमध्ये बसले तर बसमध्ये, आणि शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. गटार माझ्या मागोमाग बसमध्ये चढणार नाही एवढं तर्कशास्त्र मला येतं, तेव्हा शेवटी मी निष्कर्षाला आले, की गटार निर्दोष आहे. जोडीला अंगावरून पातळसर पांढरं जात होतंच, पण त्याचा आणि वासाचा संबंध लावायला माझ्यासारख्या वाचलेल्या बाईला इतका वेळ लागला.

निष्कर्षानंतर मी जे केलं ते ऐकून तुला आनंद होईल, कारण ते अगदी तुझ्या वळणाचं होतं. मी धुवायला लागले. साबणाने धुतलं, जंतुनाशक टाकलेल्या कोमट पाण्याने धुतलं, बाटलीवर फुलाचं चित्र असलेलं एक सुगंधी द्रावण मिळतं, त्याने आतपर्यंत धुतलं. सोवळ्याविरुद्ध उभं आयुष्य बोललेली मी, दिवसातून तुझ्याहून जास्त वेळा मोरीत जात होते. आणि जितकं धुवावं तितका वास वाढत होता. आता मासळी आणि गुलाब एकत्र.

शेवटी डॉक्टरकडे गेले. डॉक्टर सिंचना ही वयाने माझ्या मुलीसारखी, कॉलेजात असताना माझं भाषण ऐकून वैद्यकीला जायचं ठरवलं असं ती सगळ्यांना सांगत असते. मी आत गेले तशी ती उठून उभी राहिली. म्हणाली, "बसा मॅडम. काय होतंय?" अक्का, शब्द मला येतात. चार भाषांत येतात. पण त्या छोट्याशा खोलीत ध्वनिक्षेपक नव्हता, टाळ्या नव्हत्या, समोर एकच माणूस होतं आणि ते माझ्याकडे आदराने बघत होतं. मी म्हणाले, "पोटात जरा... खालच्या बाजूला... बरं वाटत नाही." तिने विचारलं, "गॅस होतो का?" मी म्हणाले, "होत असेल." तिने गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या निष्ठेने घेतल्या. गॅस नव्हताच, तो आणखी गेला.

दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटून एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने तपासलं, नमुना घेतला आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस असं नाव सांगितलं. खूप बायकांना होतं, म्हणाली, घाबरण्यासारखं नाही. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला तांब्याची चव आली (तुझा आचमनाचा तांब्या आठवला), पण वास गेला. मी इतकी कृतज्ञ झाले, की कृतज्ञतेपोटी धुणं चालूच ठेवलं. महिना उलटायच्या आत मासळी परत आली.

तेव्हा सिंचना पहिल्यांदा माझ्यावर रागावली. "मॅडम, तुम्ही आतून धुता? कोणी सांगितलं धुवायला?" मग तिने जे समजावलं त्याने मी आजतागायत गोंधळलेली आहे. ती म्हणते, तिथे मुळात चांगल्या जंतूंची वस्ती असते. ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्यांना तिथे बस्तान बसवता येत नाही. चांगले कमी झाले, की दुसरे वाढतात. गोळ्यांनी दुसऱ्यांना हटवलं, पण चांगले परत रुजेपर्यंत जमीन मोकळीच, आणि मी रोज धुऊन होते नव्हते तेही वाहून घालवले. आता मला सांग, अक्का, मी कोणाच्या बाजूने उभं राहायचं? उभा जन्म मी धरणाखाली गेलेल्या गावांसाठी, उठवलेल्या वस्त्यांसाठी बोलले. इथे तर मीच उठवणारी, आणि ज्यांना हटवायचं तेही राहायला जागा शोधत आलेलेच. वर ती म्हणते, "जुनं जे होतं तेच तुमचं रक्षण करत होतं." या वाक्याचा रोख मला मुळीच आवडला नाही. असली वाक्यं माझ्या भाषणानंतर आभार मानायला उठणारे बोलतात.

मी विचारलं, मग आता चांगले जंतू परत यायला करायचं काय? ती म्हणाली, फार काही करायचं नाही. आतून धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे, सुती कपडे वापरायचे, गोळ्या पूर्ण करायच्या, त्यानंतर त्याच चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल येतात, त्या निजताना आत ठेवायच्या. फ्रिजमध्ये ठेवा, म्हणाली. मी विचारलं, "त्याने नक्की बरं होतं?" म्हणाली, "काहींना उपयोग होतो. खात्री देता येत नाही. पण तुमचा आजार उलटलेला आहे, तेव्हा करून बघू." "आणि दही?" "खा की. चांगलं असतं." "म्हणजे ते तिथे पोचतं?" "बहुतेक थेट नाही पोचत. आणि मॅडम, कोणी काही सांगितलं तरी दही तिथे लावू नका." बहुतेक, बघू, काहींना. मी टाळी घेणारी वाक्यं बोलणारी बाई आहे, मला 'बहुतेक' कळत नाही. पण एक कळलं: हे आता उलटलं तर पुन्हा त्या तांब्याच्या गोळ्या, पुन्हा ती बस आणि शेजारची रिकामी सीट. मी इतकी घाबरले, की कॅप्सूल आणायला सदाशिव शेणॉयच्या मेडिकलमध्ये गेले. त्याच्याकडे नव्हत्या, त्याने शिवमोग्ग्याहून मागवल्या आणि त्या आल्यावर भर बाजारात, मी रस्त्याच्या पलीकडे असताना, ओरडला, "अम्मा, तुमच्या त्या खालच्या कॅप्सूल आल्या!" रिक्षावाल्यांनी वळून बघितलं. डबी पदराखाली घेऊन मी घरी आले आणि फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे ठेवली.

आता दह्याचं. आमच्या घरी दही अनंतय्या लावतात हे मी किती सभांतून अभिमानाने सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. दूध संघातून निवृत्त झालेला माणूस, दुधात करंगळी बुडवून ऊब बघतो, आमच्या सासूबाईंच्या वेळचं विरजण इतकी वर्षं जिवंत ठेवतो. मी कधी त्या भांड्याला हात लावला नाही. माझ्या दृष्टीने ती क्रांती होती. पण सिंचना 'खा' म्हणाली, आणि मी खायला लागले. सकाळी दही, जेवणात दहीभात, चार वाजता ताक, मग ताकात कालवलेल्या पाल्याची तंबळी. थेट पोचत नसेल तर निदान आडवाटेने पोचेल. त्या बुधवारी महिला मेळाव्याच्या समितीची बैठक होती, निघताना भांड्यात तळाशी चमचाभर उरलेलं दिसलं, तेही मी बोटाने चाटूनपुसून खाल्लं. ते विरजणाचं होतं.

मी परत आले तोवर दिवेलागण होऊन गेली होती. अनंतय्या स्वयंपाकघरात कोमट दुधाचं भांडं पुढ्यात घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी समितीच्या बायका आमच्याकडे जेवायला, आणि आमच्या बाजूचा मलनाडी पाहुणा दहीभाताशिवाय पानावरून उठत नाही. पण दिवे लागल्यावर कोणतं घर विरजण देणार? (या समजुतीविरुद्ध मी दोन लेख लिहिले आहेत. आमच्या गल्लीने ते वाचून माझं अभिनंदन केलं आणि दिवे लागल्यावर विरजण दिलं नाही.) मी सरळ खोलीत भाषण लिहायला गेले. सकाळी उठून बघते तर ओट्यावर दह्याचं भरलेलं भांडं, सुरीने कापावं असं घट्ट. मी मनात म्हटलं, या माणसाला काय काय येतं.

जेवणं झाली. समितीच्या बायका दह्यावर थांबेनात. समोरच्या घरची जलजाक्षी तुला आठवते ना, जिला जगात कुणाचंच काही आवडत नाही? तिने अप्पेमिडी कैऱ्यांच्या लोणच्यासोबत तिसऱ्यांदा दहीभात घेतला आणि म्हणाली, "सर्वमंगळा, खोटं नाही बोलत, असं दही आमच्या घरात जन्मात लागलं नाही गं." तिने वाटीभर विरजण नेलं. रविवारच्या मेळाव्याच्या स्वयंपाकासाठी आणखी एकीने डबा भरून नेला. सगळ्या गेल्यावर मी समाधानाने फ्रिज उघडला, कोथिंबीर बाजूला केली आणि डबी उचलली. ती हलकी लागली. आतली पाकिटं सगळी फोडलेली.

मी बाहेर येऊन विचारलं, "अनंतय्या, त्या डबीतल्या कॅप्सूल?"

ते पेपर वाचत होते. म्हणाले, "काल विरजण नव्हतं. डबीवर लॅक्टोबॅसिलस लिहिलेलं दिसलं. उघडून दुधात घातल्या." मग पेपर खाली केला, आणि म्हणाले, "विरजणच होतं ना ते?"

अक्का, ती जागा होती. तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हो. विरजणच." ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग पुन्हा पेपर वर केला. दुसऱ्या दिवशी छत्रीची काडी मोडली म्हणून दुरुस्तीला शिवमोग्ग्याला निघून गेले. (वैशाखात छत्री. मी अडवून विचारलंही नाही, मला एकटीला विचार करायचा होता.) त्या दिवसापासून मी फ्रिज उघडलेला नाही, ती रिकामी डबी बघवत नाही. घरातलं काढणं-वाढणं तेच करतात.

मग आला मेळावा. विषय माझाच, 'स्त्रीचं शरीर आणि आपलं मौन'. जेवणं आधी, भाषण नंतर. सभागृह भरलेलं, आणि त्यातली प्रत्येक बाई नुकताच दहीभात खाऊन, तृप्त होऊन, पदराला हात पुसत बसलेली. माझं औषध अख्ख्या तालुक्याच्या पोटात गेलं होतं, फक्त जिथे जायला हवं होतं तिथे सोडून. सिंचना पहिल्या रांगेत. मी उभी राहिले. ठरवलं होतं, आज सांगायचं. पहिलं वाक्य उत्तम गेलं, दुसऱ्याला टाळ्या आल्या, आणि तिसऱ्याला माझ्या तोंडून निघालं, "माझ्या एका मैत्रिणीला..."

मैत्रिणीचं सगळं सांगितलं मी. वास, गटार, धुणं, गॅसच्या गोळ्या, आजार उलटणं. लोक हसले, मग गप्प झाले. माझ्या भाषणात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नेहमी मला वाटतं शांतता झाली म्हणजे भाषण पडलं. खाली उतरले तर बायकांची रांग. पहिली आली, आवाज खाली करून म्हणाली, "माझ्याही एका मैत्रिणीला आहे हो हे, वर्ष झालं. नवऱ्याजवळ झोपत नाही ती." दुसरीच्या मैत्रिणीला सासू वेगळं बसवत होती, अंगाला वास येतो म्हणून. तिसरीची मैत्रीण लिंबाच्या पाण्याने धूत होती. जलजाक्षीसुद्धा आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक ओळखीची आहे माझ्या. तिने कुठल्या डॉक्टरकडे जावं?" अक्का, त्या सभागृहात हा त्रास असलेली एकही बाई नव्हती. होत्या त्या सगळ्या मैत्रिणी. मी सगळ्यांना सिंचनाकडे बोट दाखवत राहिले, आणि ती खुर्चीवरून न उठता एकेकीला वेळ देत राहिली, "मैत्रिणीला सोमवारी पाठवा. मैत्रिणीला सांगा, धुणं आजपासून बंद."

शेवटी माझी पाळी आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या मैत्रिणीने कॅप्सूल सुरू केल्या ना?" मी म्हणाले, "मैत्रिणीच्या नवऱ्याने त्यांचं दही लावलं." ती तोंडाला ओढणी लावून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "खाणाऱ्यांना काही होत नाही, काळजी करू नका. पण मैत्रिणीला दुसरी डबी घ्यायला सांगा, उगाच उशीर नको. आणि नवऱ्याला एकदा सांगून टाकायला सांगा."

दोन्ही सल्ले योग्य आहेत आणि दोन्ही मला जमत नाहीत. शेणॉय पुन्हा रस्त्यापलीकडून ओरडेल. आणि अनंतय्यांना काय सांगू? सभागृहभर बायकांपुढे मी मैत्रिणीचा आधार घेऊन तरी बोलले. घरात मैत्रीण कुठून आणू? तुझ्यापुढे मात्र सगळं लिहून गेले, तू तर मला चौदाव्या वर्षी लोणच्याच्या बरणीपासून लांब बसवलेलीस. हे असं का, तेही मला कळत नाही.

असो. भावजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद. उत्तर लिहिलंस तर माझं नाव ठळक लिही, पोस्टमन नवा आहे.

तुझी,
सर्वमंगळा

ता.क. एक सांगायचं राहिलं. जलजाक्षीची सून गेल्या आठवड्यात म्हैसूरला आली तेव्हा तुला डबीतून विरजण देऊन गेली ना? तू फोनवर म्हणालीस, दही असं लागलं, की रोज देवाला त्याचाच नैवेद्य दाखवते. ते तेच. टाकून देऊ नकोस, सिंचना म्हणते निर्धोक आहे. देवाला सांगायचं की नाही ते तू ठरव.

ता.क. दुसरा. खरं काम हे. तिथल्या एखाद्या मोठ्या मेडिकलमधून त्याच कॅप्सूलची डबी घे (नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातलंय) आणि मला पार्सलने पाठव. पार्सलवर 'पुस्तकं' असं लिही. पाकीट अनंतय्यांकडे चिकटवायला देते आहे, ते दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत.

अक्कांना अनंतय्याचा नमस्कार. पत्र मी वाचलेलं नाही. घडी घालताना पार्सलची ओळ वर आली तेवढी दिसली. पार्सल पाठवू नका. त्या संध्याकाळी कॅप्सूल दुधात घातल्या हे खरं, पण सकाळी दूध होतं तसंच होतं. ते केळीच्या बुंध्याला घातलं आणि मग चष्मा लावून डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. जेवणाचं दही समोरच्या शिवरामय्याने, जलजाक्षीच्या नवऱ्याने, त्यांच्या घरचं, मागच्या दाराने आणून दिलं. ते जलजाक्षीला त्याने सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही नको. तुमच्या देवाच्या सोवळ्याला काही झालेलं नाही. छत्री धड होती. शिवमोग्ग्याहून नवी डबी आणली आणि त्याच जागी ठेवली आहे. ती फ्रिज उघडत नाही, आणि तिने सांगितलं नाही तर मला माहीत आहे असं मी कसं सांगू? डबी झाकलेली राहावी म्हणून मी दोनदा कोथिंबीर बदलली. आता हीही सुकत आली आहे. तुम्ही फोन करून तिला एवढंच सांगा, की जुडी ताजी आहे का बघ.